गल्लीतली घरं समोरून कशी टिपायची? (धुळे, रविवारची फेरी)

पांझराकाठ | रविवार, रात्री ९:१४

मंडळी, आज सकाळी आम्ही तिघं पाच कंदील चौकापासून निघून चार गल्ल्या पायी फिरलो. पावणेसातला सुरुवात केली, नऊ वाजता थांबलो. तोवर शटरं वर जायला लागली, हातगाड्या लागल्या, ओट्यांना दुचाक्या टेकल्या. एकूण १४० फोटो निघाले, त्यातले अकरा खाली देतोय. धागा मात्र एका न काढलेल्या फोटोसाठी काढतोय.

मागच्या दिवाळीत याच फेरीवर एक दुमजली सागवानी घर पाहिलं होतं. सज्जाखाली त्याला आधार देणारे लाकडी हस्त, प्रत्येक हस्तावर कोरलेला पोपट. मी हरखून गेलो. पोपट टिपला, कडी-कोयंडा टिपला, कठड्याची नक्षी टिपली. आज त्या जागी पत्रे ठोकलेत आणि आत कॉलमचे खड्डे आहेत. पोपट माझ्याकडे आहे, पण तो दाराच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, घर तीन खणांचं होतं की पाच, दार मधोमध होतं की कडेला, यातलं एकही माझ्या फोटोंवरून सांगता येत नाही. अख्खं घर एकाच फोटोत आहे, तेही तिरकं आणि ओटा कापलेला. दिवसभर मला त्याचं वाईट वाटतंय.

ज्यांना धुळं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याला मुख्य ठाणं केलं. तेव्हा गावात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. जुन्या धुळ्याच्या वळणावळणाच्या वस्तीशेजारी त्याने सरळ रेघेत रस्ते आखून नवी पेठ वसवली. म्हणून आपल्याकडे गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, आणि गल्लीच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. फोटो काढणाऱ्याला ही मोठी सोय. अडचण रुंदीची आहे. वीसेक फुटांच्या गल्लीत पंचवीस फूट उंच घर मावत नाही. फोन वर केला की घर मागे कलल्यासारखं दिसतं.

आज एका ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. मी समोर फोन धरून मागे-पुढे करत होतो. त्यांनी अहिराणीत विचारलं, "कसाले काढी ऱ्हायनात भाऊ फोटो? घर इकाले काढं का कोनी?" मी म्हटलं, नाही माय, जुनी घरं जशी आहेत तशी टिपून ठेवतोय. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग समोरच्या घरातल्या सुनेला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "वर जाय माडीवर. तठून बेस दिसस." त्या माडीच्या खिडकीतून काढलेला तो फोटो क्र. ७. आजच्या अकरांत सरळ उभं असलेलं तेवढं एकच घर आहे.

तर विचारायचं आहे ते असं. दर वेळी माडी मिळणार नाही. खालून सरळ फोटो कसा काढायचा? उत्तरेकडे तोंड असलेली घरं कायम काळवंडलेली येतात, त्यांचं काय करावं? आणि लोकांच्या राहत्या घरांचे फोटो इथे टाकताना पत्ता द्यावा की नाही?

केळीबाग | रविवार, रात्री १०:०२

क्र. ७ फारच छान. आजींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी सांगितलेलं अगदी शास्त्रशुद्ध आहे.

घर मागे कलल्यासारखं दिसतं ते फोन वर कलवल्यामुळे. फोन भिंतीला समांतर, म्हणजे ओळंब्यात असेल तर उभ्या रेघा उभ्याच राहतात. फोनचा नेहमीचा कॅमेरा, म्हणजे १ एक्स, उभा धरला तर वीस फुटांवरून साधारण चौदा फूट वर आणि चौदा फूट खाली इतकं घेतो. तुम्ही खाली रस्त्यावर असता तेव्हा डोळा पाच फुटांवर, म्हणजे वर जेमतेम एकोणीस फूट दिसणार आणि खालची जागा नुसत्या डांबरात जाणार. माडीवर डोळा बारा-तेरा फुटांवर गेला की चौदा वर, चौदा खाली, अख्खं घर बसतं. क्र. ७ सरळ आला त्यामागे एवढंच गणित आहे.

माडी नसेल तेव्हा असं करा. ०.५ एक्स, म्हणजे फोनची रुंद लेन्स लावा, फोन उभा आणि अगदी ओळंब्यात धरा, वर अजिबात करू नका. चित्राचा खालचा अर्धा भाग रस्त्याने भरलेला येईल. येऊ द्या. घरी येऊन तो कापून टाका. व्यावसायिक छायाचित्रकार शिफ्ट लेन्स वापरतात ती हेच काम करते, फक्त तिथे कापावं लागत नाही. तोटा असा की ०.५ ला कडा ताणल्या जातात आणि बारकावे कमी येतात, म्हणून घर मधोमध ठेवा आणि उजेड चांगला असताना काढा. सेटिंगमध्ये चौकटीच्या रेघा चालू करा. दाराच्या चौकटीची उभी कड त्या रेघेला लावली की हात आपोआप सरळ होतो.

स्नॅपसीडमध्ये 'पर्स्पेक्टिव्ह'ने नंतरही सरळ करता येतं, पण त्यात चारी बाजूंचं काही ना काही कापलं जातं. म्हणून काढतानाच सभोवती जागा सोडा. आणि फार ओढू नका. खालून बघताना घर वर थोडं निमुळतं दिसणं डोळ्याला सवयीचं असतं. खूप जास्त सरळ केलं की वरचा मजला खालच्यापेक्षा रुंद वाटतो. तुमचा क्र. ३ तसा झालाय, परत एकदा बघा.

तारांचं म्हणाल तर मी त्या पुसत नाही. फक्त एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून तार कोरीव पट्टीवरून जाणार नाही एवढं बघते.

रावेरची_वाट | रविवार, रात्री १०:२०

क्र. ४ मधला तळखडा (खांबाखालचा दगड) काय सुंदर आहे! वाचतोय.

भूगोलाची_वही | सोमवार, सकाळी ७:४०

मी शहाद्याला शाळेत भूगोल शिकवते. उत्तरेकडच्या घरांचा प्रश्न माझ्या विषयाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धुळं साधारण २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४५-४६ अंश वर असतो आणि तोही दक्षिणेला. ४५ अंशांना सावली वस्तूच्या उंचीएवढीच पडते. म्हणजे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या तुमच्या वीस फुटी गल्लीत दक्षिण बाजूचं पंचवीस फुटी घर अख्खी गल्ली झाकून समोरच्या घराच्या पाच फुटांपर्यंत सावली टाकतं. समोरच्या घराला तेव्हा ओट्याच्या वर ऊन मिळतं. पण दक्षिण बाजूच्या घराचं तोंड उत्तरेला, त्याला २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत थेट ऊन लागतच नाही. तुम्ही जानेवारीत गेलात, ती घरं काळवंडलेली येणारच.

त्यांच्यासाठी दोन वेळा आहेत. एक, हिवाळ्यातच पण समोरच्या भिंतीवर ऊन असताना. समोरची भिंत पांढरी किंवा पिवळी असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड सावलीतल्या घरावर फार मऊ पडतो. कोरीवकाम त्यात सपाट दिसतं, पण अख्ख्या घराची नोंद घ्यायला हा उजेड उत्तम, कारण काळ्याभोर सावल्या नसतात. फक्त फोटोत आकाश घेऊ नका, नाहीतर फोन आकाश सांभाळायला जातो आणि घर बुडतं.

दुसरी वेळ उन्हाळ्याची. एप्रिलपासून सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळी सात-साडेसातला उत्तरेकडच्या भिंतींवर तिरपं ऊन येतं. आणि २५ मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. त्यानंतर १८ जुलैच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य थोडासा उत्तरेला असतो. त्या दिवसांत भरदुपारी ऊन भिंतीला घासत खाली उतरतं आणि प्रत्येक हस्ताची, प्रत्येक गजाची लांब सावली पडते. तुमचे पोपट त्या उजेडात जिवंत झाले असते. तरी मे महिन्यात भरदुपारी मुद्दाम कोणी जाऊ नका. पारा ४४-४५ ला असतो, फोनही तापून बंद पडतो. पहिला पाऊस झाल्यावर जूनच्या शेवटी एखाद्या उघडिपीला जा.

देवपुराच्या, म्हणजे उत्तरेकडच्या काठावरून पांझरा नदीपलीकडचं जुनं धुळं टिपायचं असेल तर हेच लागू होतं. तुम्ही दक्षिणेकडे बघत असता, म्हणून हिवाळ्यात दिवसाचा बराच वेळ सूर्य डोळ्यांसमोर. त्यासाठीही जून बरा.

बोरीकाठचा | सोमवार, दुपारी १:१५

अमळनेरहून लिहितोय. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे.

पांझराकाठ, तुम्ही अकराही फोटोंत माणूस येऊ दिलेला नाही. दुकानं उघडायच्या आत जाण्यामागचं कारण समजतं, पण आजी ओट्यावर बसलेल्या असताना तो ओटा किती उंच, किती खोल, कशासाठी बांधला, हे एका नजरेत कळतं. रिकाम्या ओट्याचं मापच लागत नाही. त्यांना विचारून निदान एक फोटो त्यांच्यासकट काढायला हवा होता.

आणि अख्खी फेरी कोरीव सागवानाभोवतीच का? १९५०-६० च्या सुमाराची सिमेंटची घरं, गोलाकार गॅलऱ्या, सिमेंटच्या जाळ्या, नावाच्या पाटीवर उठावाची अक्षरं, हेही आता झपाट्याने जातंय. त्यांच्याकडे कोणीही फोन वर करत नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहती, आमच्याकडचा गिरणीचा परिसर, जळगावची महापालिकेची सतरा मजली, यातलं काहीही 'वारसा' म्हणून कोणी टिपत नाही. सतरा मजली आहे म्हणून ती राहीलच असं नाही. आमचा दगडी दरवाजा किती वर्षं तसाच उभा होता, सगळ्यांना वाटायचं त्याला काय होतंय. पावसाळ्यात त्याचा बुरूज ढासळला. त्यानंतर गावात जो तो आपल्या फोनमध्ये जुने फोटो शोधत होता आणि निघाले ते सगळे दरवाज्यासमोर उभं राहून काढलेले स्वतःचे फोटो.

पांझराकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:५०

बोरीकाठचा भाऊ, माणसांबद्दलचं पटलं. मी आजींचा फोटो काढला नाही याचं कारण त्या घाबरल्या होत्या. घर विकायला काढलंय की काय ही शंका त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. पण पुढच्या खेपेला क्र. ७ ची प्रत घेऊन जाणार आहे आणि विचारणार आहे.

सिमेंटच्या घरांबद्दल मात्र मी अजून अडखळतो. ती जातील हे खरं, पण ती बांधता येतील असे हात आजही आहेत. हस्तावर पोपट कोरणारे हात माझ्या माहितीत कुठे दिसत नाहीत. दोन तासच हाती असतील तर मी आधी लाकडाकडे जाईन.

साक्रीवाला | सोमवार, रात्री ८:३३

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम. हात अजून आहेत, भाऊ, काम देणारा नाही.

फोटो पाहिले. क्र. ५ मध्ये तुम्ही ज्याला 'डिझाइनची पट्टी' लिहिलंय ती गणेशपट्टी. दाराच्या वरच्या आडव्या लाकडावर मधोमध गणपती असतो, झिजल्यामुळे तुम्हाला कळला नसेल. क्र. ८ च्या मोठ्या दारातलं छोटं दार म्हणजे दिंडी. क्र. ९ मध्ये वर दिसतोय तो कडीपाट, म्हणजे तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. त्याच्यावर मातीचं धाबं असणार, कारण भिंतीतून पावसाचं पाणी काढणारा पन्हाळ दिसतोय. ही नावं फोटोखाली लिहा. नाव नसलं की पुढे शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

आणि एक विनंती. नक्षी सगळेच टिपतात, सांधे कोणी टिपत नाही. खांब तळखड्यावर कसा बसलाय, हस्त खांबात कुठे अडकवलाय, तुळई भिंतीत किती आत गेली आहे, हे दिसेल असा एकेक फोटो काढा. घर पाडताना पाहिलंय मी. सांधा उघडतो आणि बापजाद्यांनी किती बेतून काम केलं होतं ते दोन मिनिटं दिसतं. मग ट्रॅक्टरमध्ये पडतं. दुरुस्ती करायची वेळ आली तर सुताराला पोपटाचा फोटो कामाचा नाही, सांध्याचा आहे.

बांधल्याचं साल दारावर किंवा पायरीवर कोरलेलं असतं, तेही घ्या. शके असेल तर ७८ मिळवायचे. व्यापाऱ्यांच्या घरांवर बरेचदा संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे. आणि कुठे दगडात 'पश्चिम खानदेश' लिहिलेलं दिसलं तर ती पाटी १९०६ नंतरची, कारण जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग त्या साली झाले.

चाळीसगाव_पॅसेंजर | सोमवार, रात्री ९:०५

उजेडाची गोष्ट निघालीच आहे तर धुळ्याहून दोन तासांच्या आत चाळीसगावला येऊन जा. छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) यांचा स्टेशनजवळचा बंगला आता संग्रहालय आहे. लंडनहून परतल्यावर हा माणूस जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणतात आणि टेबलावर मांडणी करून त्याने जी दृश्यं उभी केली, ती पाहताना आपण खरोखरच्या गावात, रानात उभे आहोत असं वाटतं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा खूप वेळ एकच गोष्ट बघत बसलो होतो, ती म्हणजे सावली कुठून कुठे पडते. त्यानंतर रस्त्यावरचं घर टिपताना माझी नजर आधी सावलीवर जाते. फिरणाऱ्यांना न फिरणाऱ्याकडून एवढं शिकता येतं.

कागदपत्र | मंगळवार, सकाळी ११:२०

पत्ता आणि परवानगीबद्दल.

कायद्याने इमारतीचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हे स्पष्ट आहे. रस्त्यावरून दिसतं ते टिपता येतं. पण ओट्यावर पाऊल ठेवलं की ते कोणाचं तरी घर आहे, तिथे विचारूनच. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी, म्हणजे आपल्याकडे बलसाणे, थाळनेरचे हजिरे (जुन्या कबरी), चांगदेव, तिथे हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, ट्रायपॉडला मात्र आधी परवानगी लागते आणि ड्रोन विनापरवानगी उडवूच नका.

मला एकदा एका सरकारी इमारतीसमोर अडवून पाऊण तास बसवून ठेवलं होतं. इमारत जुनी, कमानी सुंदर, मी रस्त्यापलीकडे उभा. तरीही. तेव्हापासून सोबत छापलेले चार-पाच फोटो ठेवतो. काय करतोय ते तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवलं की प्रश्न लवकर मिटतो.

पत्त्याचं म्हणाल तर इथे गल्लीच्या पुढे लिहू नका. कोरीव दारं उचलून विकणारे लोक आहेत आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत. फोनमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप साठते, टाकण्याआधी ती काढा. स्वतःच्या वहीत मात्र सगळं लिहा: तारीख, वेळ, घराचं तोंड कुठल्या दिशेला, तुम्ही कुठे उभे होतात. देवळं, कमानी, सार्वजनिक इमारती यांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने टाकता येतात. दर सप्टेंबरात तिथे स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धाही असते. राहती घरं तिथे टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

देवपूर_ते_डोंबिवली | मंगळवार, रात्री ११:४८

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण क्र. ७ उघडला आणि तेव्हापासून झोप नाही. ते माझ्या आईचं माहेर आहे.

ते घर तीस वर्षांपूर्वी मामांनी विकलं. आता तिथे कोण राहतं मला ठाऊक नाही. डावीकडची बंद खिडकी माजघराच्या माडीची, तिथे पापडांची चादर वाळत असायची आणि राखण माझ्याकडे. सज्जाला मधला एक गज नवीन, साधा दिसतोय ना? तो मामाच्या मुलाने क्रिकेट खेळताना मोडला होता. तुमच्या फोटोत तो नीट मोजता येतो म्हणून मला ओळख पटली.

आईच्या लग्नातला एक काळा-पांढरा फोटो माझ्याकडे आहे, १९७१ चा. ओट्यावर सगळे बसलेत, मागे दार, वर सज्जाची कड. स्कॅन करून पाठवते. आई म्हणते तिला परत बघायचंय.

भूगोलाची_वही | बुधवार, सकाळी ७:१०

ताई, स्कॅन करताना फोटोच्या कडा कापू नका, मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा.

पांझराकाठ | रविवार, दुपारी १२:३०

आज परत गेलो. ताईंनी पाठवलेला १९७१ चा फोटो सोबत छापून नेला होता.

तो फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता ते शोधायला अर्धा तास लागला. केळीबागताईंनी फोनवर युक्ती सांगितली: जवळची आणि लांबची अशा दोन वस्तू धरायच्या. जुन्या फोटोत सज्जाचा कोपरा शेजारच्या घराच्या पन्हाळावर बरोबर टेकलेला दिसतो. डावी-उजवीकडे सरकत तो तसाच टेकेपर्यंत गेलो, मग दाराची रुंदी जुळेपर्यंत पुढे-मागे. शेवटी समोरच्या घराच्या उंबऱ्यावर पोचलो. तिथून दार, चौकट, सज्जा सगळं जुळलं. ओटा जुळेना. मी पुन्हा पुन्हा तपासलं, मग पायऱ्या मोजल्या. १९७१ च्या फोटोत ओट्याला पाच पायऱ्या आहेत. आज दोन आणि तिसरीची कड. घर जागचं हललेलं नाही, रस्ता थरावर थर चढत वर आलाय.

आजींना क्र. ७ ची प्रत दिली. त्या बराच वेळ बघत होत्या. मग स्वतःहून ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आते काढ." तो फोटो त्यांच्या परवानगीने खाली देतोय, क्र. १२. बोरीकाठचा भाऊ, ओट्याचं माप आता लागतं.

देवपूर_ते_डोंबिवली | रविवार, दुपारी २:०५

आईला दाखवला. ती आजींना ओळखत नाही, पण म्हणाली, बसायची जागा तीच आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर शके कोरलेला होता म्हणते. साल तिला आठवत नाही.

साक्रीवाला | रविवार, दुपारी २:४०

पायरीवर असेल तर दारावरही असण्याचा संभव आहे. गणेशपट्टीच्या खाली, तेलाचा थर बसलाय तिथे बघा. खरवडू नका. पिठाचा हात हलकेच फिरवा आणि बाजूने बॅटरी धरा.

पांझराकाठ | रविवार, दुपारी ३:१०

येत्या रविवारी पावणेसात, पाच कंदील. मी पीठ, बॅटरी आणि टेप आणतो. साक्रीवाले, तुम्ही या.